जोड

पेपरात फोटो आला होता, अर्ध्या पानाचा.
कुठल्याशा थंड शहरात, दगडी पायऱ्यांवर
एकोणीस देशांचे पुढारी ओळीनं उभे,
हात पुढं बांधून,
लग्नात नवरदेवाचे काके उभे राहतात तसे.

सुरुवात दामू नेवारेनं केली.
"यायचे कोट काढून आखाड्यात सोडलं
तं कोन कोनाले चीत करन?"
आणि माझ्या पानठेल्याच्या पत्र्यावर
चुन्याच्या बोटानं जोडी लागू लागल्या.

बर्फाच्या देशाचा, ज्याची मान खांद्यातच संपते,
त्याच्यासमोर तेलाच्या देशाचा, पांढऱ्या पायघोळातला.
"झगाच अडकवन थ्याले," दामू म्हणाला, "पैसे वाया."
बेटावरच्या ठेंगण्या बाईवर कोणी लावत नव्हतं.
दूध घालून परतणारी चंद्रकला थबकली,
कॅन खाली ठेवला.
"माह्ये पाच रुपये तिच्यावर.
पाय पाहा नं तिचे.
डोक्यावर गुंड वाह्यलेल्या बाईचे पाय हायेत थे."

मागून कोणी तरी विचारलं, "अन् आपला?"
तसा चुना थांबला.
बाकावर कोण कोण बसलंय
ते जो तो पाहू लागला.
सरपंचाचा साळा होता.
ग्रामसेवकाची गाडी उभी होती.
"आपला पंच राहीन," दामू म्हणाला,
आणि सगळे सुटल्यासारखे हसले.

तेवढ्यात कवडूजी भोयर आले, हाडवैद.
खर्रा डाव्या हातात, उजव्याचा अंगठा
फोटोतल्या खांद्याखांद्यावरून फिरला,
लंगड्या गाईच्या फऱ्यावरून फिरतो तसा.
"हा डावा पाय चोरते.
याचं मनगट कधी तरी उतरलं होतं, कोनं नीट बसवलं नाही.
हा हसून ऱ्हायला, पन कमरेत चमक हाये त्याच्या."
"मंग जिकन कोन, कवडूजी?"
"थे मले काय ठाव?
माह्याकडे कोन कोन येईन, थेवढं सांगतो."

खर्रा तोंडात गेला. मग बऱ्याच वेळानं,
कोणी विचारलं नसताना,
"कारंज्याच्या दंगलीत एका पोट्ट्याचा हात
माह्या पकडीत मोडला.
वाळली पऱ्हाटी मोडते, तसा आवाज.
डफडं बंद झालं.
मी तिथंच मातीत बसलो, हात मांडीवर घेतला.
थो वरडत होता, मी चाचपत होतो.
बोटाखाली हाडाचं टोक
उंदराच्या पिलावानी हाललं.
इनाम भेटलं एक्कावन रुपये.
थ्यातले तीस त्याच्या मायले देल्ले.
थो येते अजून, पोळ्याच्या पाडव्याले.
वाकडाच बसला हात, माह्याच्यानं."

पत्रा पुसायचा राहिला.
सकाळी शाळेच्या पोरांनी जोडी वाचल्या,
आणि गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेलेले,
म्हणून हापशीजवळच्या चिखलात
देश वाटून घेतले.

दुपारी प्रज्वल मेश्राम आला, चवथीतला.
मनगट भाकरीसारखं फुगलेलं,
भुवईत वाळला चिखल. तो बर्फाचा देश होता.
बेटावरची बाई, म्हणजे सहावीतली आचल,
त्याचं दप्तर धरून मागे.
रडत तीच होती.

कवडूजींनी जवसाचं तेल चोळलं,
मामाचं गाव विचारलं,
आणि गावाचं नाव अर्धं तोंडात असताना
कट्.
बांबूच्या कमच्या लावल्या. चिंधी तोकडी पडली,
तेव्हा मी कालचाच पेपर काढून दिला.
एकोणीस पुढारी घडीत गेले,
एकाची मान दुसऱ्याच्या काखेत,
आणि बसले त्या बारक्या मनगटाभोवती
सुतळीनं आवळून.

"कोन जिकलं बे?" दामूनं विचारलं.
चंद्रकलेचे पाच रुपये अजून त्याच्याकडेच होते.
प्रज्वलनं नाक ओढलं, आचलकडं पाहिलं.
"कोनीच नाई," ती म्हणाली.
"खिचडीची घंटी झाली."